पहिला प्रयोग कुठला? एका माओरी नृत्यसंस्थेच्या प्रयोगांची यादी करताना

ऑकलंडमधल्या एका माओरी समकालीन नृत्यसंस्थेच्या सगळ्या प्रयोगांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं होतं. कुठलं नृत्य, कधी, कुठे, कोण नाचलं, किती वेळा झालं, एवढंच लिहायचं होतं. त्या यादीतली एकच ओळ पूर्ण करायला मला पाच महिने लागले. ही त्या ओळीची हकीकत. संस्थेचं, गावाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्या घराची ही गोष्ट आहे, त्या घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.

पार्श्वभूमी

माओरी नाच म्हटलं की आपल्याकडे रग्बीच्या मैदानावरचा हाका आठवतो. पण हाका, पोई म्हणजे दोरीला बांधलेले गोळे फिरवत केलेला नाच, वाइआता म्हणजे गाणी, असं सगळं मिळून जे सादर होतं त्याला कापा हाका म्हणतात, आणि १९७२ पासून त्याचा देशपातळीवरचा महोत्सव भरत आला आहे. त्याही आधी, १९२०च्या दशकात, 'ते पुएआ हेरांगी' या माओरी नेत्या आपला गाणं-नाचाचा ताफा घेऊन गावोगाव फिरल्या आणि त्या पैशातून न्गारुआवाहिया गावचं तुरांगावाएवाए मराए, म्हणजे माओरी समूहाची एकत्र जमण्याची जागा, उभं करायला हातभार लावला. नाचून मराए बांधणाऱ्या लोकांचा हा इतिहास आहे.

समकालीन माओरी नृत्य ही त्यातलीच पुढची फांदी. स्टीफन ब्रॅडशॉ यांनी १९८४ साली ऑकलंडमध्ये तरुणांचा ते कानिकानी ओ ते रांगाताही हा गट सुरू केला आणि १९८८ मध्ये ताइआओ. पुढे २००० साली आतामिरा ही नृत्यसंस्था आली, २००७ मध्ये ओकारेका. माझी संस्था या दोन्हींपैकी नव्हे, पण त्याच पिढीतली. नर्तक आधुनिक नृत्याचं रीतसर शिक्षण घेतलेले. जमिनीवर लोळणं, एकमेकांच्या अंगावर भार टाकणं, तोल सोडणं हे सगळं त्यांच्या अंगात भिनलेलं. आणि विषय मात्र घरचे. आजोबांचं युद्ध, हिरावलेली जमीन, नदी.

मी मूळची सांगलीची, शिक्षणानं ग्रंथपाल. ऑकलंडला येऊन बरीच वर्षं झाली. संस्थेला वर्धापनवर्ष साजरं करायचं होतं, अनुदानाच्या अर्जाला प्रयोगांचे आकडे हवे होते, आणि जुनी एक कलाकृती नव्या नर्तकांना घेऊन पुन्हा बसवायची होती. या तिन्हीसाठी यादी लागणार होती. मला मिळाली तीन खोकी: पत्रकं, अनुदानाचे अहवाल, भाड्याच्या व्हॅनच्या पावत्या, निर्मात्याच्या दोन डायऱ्या आणि मिनी-डीव्ही टेपांचा ढीग. शिवाय एक एक्सेल फाइल होती. ती वर्षानुवर्षं वेगवेगळ्या व्यवस्थापकांनी भरलेली, आणि प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं.

अडचण

जी कलाकृती पुन्हा बसवायची होती तिच्यापुढे फाइलमध्ये लिहिलं होतं: पहिला प्रयोग, ऑकलंडचं अमुक नाट्यगृह, अमुक तारीख. पत्रकाशी तारीख जुळत होती. मी ओळ बंद केली.

पंधरा दिवसांनी पहिल्या संचातली एक नर्तकी चहाला आली. आता ती शाळेत शिकवते. यादी वाचता वाचता ती थांबली. म्हणाली, "हा पहिला नाही. पहिला आम्ही मराएवर केला. पाऊस होता, म्हणून जेवणघरात केला."

मराए म्हणजे काय हे मराठीत एका शब्दात सांगता येत नाही. चावडी, कुलदैवताचं देऊळ आणि माहेरचं घर, तिन्ही एकत्र केलं तर थोडं जवळ जाता येईल. तिथली मोठी वास्तू, फारेनुइ, हीच पूर्वजाचं शरीर असते. आढं म्हणजे कणा, वासे म्हणजे बरगड्या. आत भिंतींवर गेलेल्या माणसांचे फोटो असतात आणि त्यांच्या साक्षीनं बोलायचं असतं. जेवणघर, फारेकाइ, वेगळं असतं. तिथे बंधनं सैल असतात.

ही कलाकृती एका नदीकाठच्या हापूची, म्हणजे कुळसमूहाची, गोष्ट सांगणारी होती. नृत्यरचनाकार त्याच हापूची लेक. गोष्ट दिली होती त्यांच्या घरातल्या एका वृद्ध बाईंनी. सगळे त्यांना आंटी म्हणत. त्या आता नाहीत. नाट्यगृहात न्यायच्या आधी आम्हाला दाखवा, असं आंटींनी सांगितलं होतं, म्हणून संच तिथे गेला होता. अनुदानाच्या अहवालात या रात्रीचा उल्लेख सापडला, पण शब्द होते "समुदायासाठी पूर्वदर्शन". तिकीट नव्हतं, म्हणून तो प्रयोग धरलाच नव्हता.

मी ढिगातून ती टेप शोधली. मिनी-डीव्ही वाचायला जुना कॅमेरा लागतो, फायरवायरची तार लागते, आणि तासाची टेप उतरवायला तासच लागतो, घाई करता येत नाही. टेपवर चित्राबरोबर तारीख-वेळही नोंदलेली असते. ती नाट्यगृहाच्या तारखेच्या नऊ दिवस आधीची होती. कॅमेऱ्यांची घड्याळं अनेकदा चुकीची लावलेली असतात, म्हणून नुसत्या तिच्यावर विसंबले नाही. पण व्हॅनची पावती त्याच दिवसाची निघाली.

मग मी दोन्ही टेपा शेजारी शेजारी लावून पाहिल्या, आणि इथून पुढे ही नुसती तारखेची दुरुस्ती उरली नाही.

नाट्यगृहाच्या टेपमध्ये, मध्याच्या थोडं पुढे, पाचही नर्तक थांबतात. संगीत थांबतं. आठ मात्रा ते नुसते उभे असतात आणि मग पुढे जातात. नव्या संचाला ही टेप पाहून तालीम दिली जात होती. तालमीत तो थांबा दोनदा कापला गेला होता. "इथे ऊर्जा पडते," असं तालीम घेणाऱ्यांचं म्हणणं, आणि नुसत्या त्या टेपवरून पाहिलं तर ते खरंही वाटत होतं.

मराएच्या टेपमध्ये थांबा नाही. नर्तक एका हालचालीच्या मध्यावर आहेत. पुढे लहान मूल रडतं आहे, मागे कोणीतरी ताटं आवरतं आहे. आणि डाव्या कोपऱ्यातून, चित्रात न दिसणाऱ्या ठिकाणाहून, एका म्हाताऱ्या बाईचा आवाज चढतो. ही कारांगा. पाहुणे मराएवर येताना बाया जी लांब हाक देतात, जिच्यात गेलेल्यांनाही बोलावणं असतं, ती. कोणी ठरवलेली नव्हती. नर्तक जागच्या जागी थांबतात. एकीचा हात खाली यायला निघालेला असतो, तो अर्धाच राहतो. हाक संपते, आणि मग ते पुढे जातात.

नऊ दिवसांनी नाट्यगृहात रचनाकारानं त्या हाकेची जागा तशीच मोकळी ठेवली होती. पुढची कितीतरी वर्षं नर्तक त्या जागेत उभे राहत आले, का ते कुठेच लिहिलं नाही, आणि आता ती जागा कापली जात होती.

आणखी दोन गोष्टी त्या टेपमध्ये होत्या. पाच नर्तकांपैकी एक आज हयात नाही. ती तरुणपणीच गेली. आणि शेवटी नाट्यगृहाच्या टेपमध्ये नसलेला एक भाग होता, एक शोकगीत, वाइआता तांगी. ते मराएबाहेर म्हणू नका, असं आंटींनी त्याच रात्री सांगितलं होतं. चहाला आलेल्या नर्तकीला ते आठवत होतं. लेखी कुठेच नव्हतं.

समोर असलेले पर्याय

संस्थेच्या बैठकीत चार मतं निघाली, आणि चारही प्रामाणिक होती.

व्यवस्थापकांचं म्हणणं, फाइलमधली तारीख राहू द्या. अर्जात, पत्रकांत, समीक्षणांत सगळीकडे तीच आहे, आणि बदलली तर जुन्या अहवालांवर प्रश्न येतील. हे टाकाऊ कारण नव्हतं. छोट्या संस्थेचं वर्षभराचं घर अशा अहवालांवर चालतं.

प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या तरुणाला मराएची टेपच हवी होती. वर्धापनाच्या चित्रफितीसाठी याहून जिवंत काय मिळणार? त्याच्या म्हणण्यात लोभ नव्हता, प्रेमच होतं. पण गेलेल्या माणसाचा चेहरा माओरी घरांत कुठेही, कधीही, कोणासमोरही दाखवायची वस्तू नसतो. फारेनुइच्या भिंतीवर तो मानानं असतो. फोनवर मधूनच उगवला तर वर्मी लागतो.

एका ज्येष्ठ नर्तकाला वाटत होतं, ही ओळच यादीतून काढून टाकावी आणि कलाकृतीही पुन्हा करू नये. परवानगी देणारी बाई गेली, आता कोणाला विचारणार?

चौथं मत संचालिकेचं: तिकडे जाऊन विचारायचं.

कोणीतरी कायद्याचं काढलं, म्हणून मी वाचलं. न्यूझीलंडच्या १९९४च्या कॉपीराइट कायद्यात नृत्य नाट्यकृतीत मोडतं. म्हणजे रचनेचा हक्क रचनाकाराचा. पण गोष्ट? हाक? शोकगीत? का माते या प्रसिद्ध हाक्यासाठी २०१४ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, तेव्हा कुठे तो न्गाती तोआ या जमातीचे प्रमुख 'ते राउपाराहा' यांनी रचला, हे व्यावसायिक वापरात सांगणं बंधनकारक झालं. माओरी ज्ञान आणि संस्कृतीच्या हक्कांबद्दल १९९१ साली दाखल झालेल्या वाइ २६२ या दाव्यावर २०११ मध्ये वाइतांगी न्यायाधिकरणाचा, म्हणजे माओरींचे सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या मंडळाचा, अहवाल आला. त्यात अशा ठेव्यांशी राखणदारांचं जे नातं असतं त्याची सविस्तर चर्चा आहे. आमच्या ओळीचं उत्तर मात्र यातल्या कशातच नव्हतं. कायद्यानं आम्हाला बरंच काही करता आलं असतं. प्रश्न करावं का, हा होता.

मी स्वतः कुठे होते? मला सांगलीची आठवण येत होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर केलं ते सांगलीच्या राजांसमोर. तिकीट लावून मुंबईत प्रयोग झाले ते दहा वर्षांनी, १८५३ मध्ये. पण मराठी रंगभूमी दिन आपण ५ नोव्हेंबरला पाळतो, १८४३च्या त्या प्रयोगाचा. तिकीट नव्हतं म्हणून तो "पूर्वदर्शन" होता असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. जाहिरातीत प्रयोगाचा क्रमांक छापणाऱ्या, शंभरावा आणि पाचशेवा प्रयोग साजरा करणाऱ्या लोकांतून मी आले आहे. एक नंबर चुकला की पुढचे सगळे चुकतात, हे मला घरातूनच माहीत होतं.

काय केलं

जायचं ठरलं. आणि जायच्या आधीच मी चूक केली.

कामाला गती यावी म्हणून मी मराएच्या समितीच्या पत्त्यावर ईमेल पाठवला. नम्र होता, नीट लिहिलेला होता. "संदर्भासाठी" म्हणून टेपचा दोन मिनिटांचा तुकडा जोडला. ती पेटी समितीतले चौघं-पाचजण उघडत असत. त्या दिवशी ती पेटी उघडली ती हयात नसलेल्या नर्तकीच्या धाकट्या बहिणीनं, दुकानाबाहेर गाडीत बसून, फोनवर. बहीण नाचताना तिला समोर दिसली. आधी एक शब्द नाही, सोबत कोणी नाही, काराकिया म्हणजे प्रार्थना नाही.

तिनं मला फोन केला नाही. संचालिकेला केला. संचालिका माझ्यावर ओरडल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या, "आपण तिला एकटीला गाठलं." मी त्याच दिवशी तुकडा मागे घेतला आणि फोन करून माफी मागितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, "या. पण आधी घरच्यांना दाखवा, मग समितीला."

त्या फोननं सगळा क्रमच बदलला. आम्ही आधी तारीख, मग परवानगी, मग माणसं असं मांडलं होतं. आता आधी माणसं.

दीड महिन्यानं गेलो. संचालिका, पहिल्या संचातले तिघं, नव्या संचातले दोघं आणि मी. पोफिरि म्हणजे स्वागताचा विधी झाला, आम्हाला हाक देऊन आत घेतलं गेलं, आमच्या बाजूनं बोलणं झालं, गाणं झालं, कोहा म्हणजे आहेर ठेवला. जेवण झालं. मग चपला बाहेर काढून फारेनुइत बसलो. गेलेल्या नर्तकीचा फोटो उजव्या भिंतीवर होता, आंटींच्या फोटोपासून थोड्याच अंतरावर. एकानं काराकिया म्हटली. आधी फक्त घरचे बसले आणि मी टेप लावून बाहेर गेले. तो पाऊण तास मी ओसरीत काढला. आतून मधे हसण्याचा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच नाही.

मग सगळ्यांना बोलावलं. दुसऱ्यांदा टेप लागली तेव्हा कारांगाच्या जागी एका बाईंनी हात वर करून थांबवायला सांगितलं. म्हणाल्या, हा आंटींचा आवाज नव्हे, माझ्या आईचा. आम्ही सगळे तो आंटींचा धरून चाललो होतो. मी वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं.

नव्या संचातली मुलगी, जिला तो थांबा लांबलेला वाटायचा, माझ्या शेजारी होती. ती काही बोलली नाही. हात मांडीवर ठेवून तिनं बोटांनी आठ मोजले.

निष्पन्न

त्या रात्री आणि पुढच्या दोन भेटींत ठरलं ते असं. यादीत पहिला प्रयोग म्हणून मराएची रात्र लागली, नाट्यगृहाची तारीख दुसऱ्या क्रमांकावर गेली, आणि पुढचे सगळे क्रमांक एकानं सरकले. टेपची मूळ प्रत आणि उतरवलेली प्रत मराएकडे राहिली. संस्थेकडे तालमीसाठी एक प्रत आहे, ती तालमीच्या खोलीबाहेर जात नाही. इंटरनेटवर काही नाही. गेलेल्या नर्तकीचं पूर्ण नाव तिच्या हापूच्या आणि इवीच्या, म्हणजे जमातीच्या, नावासह छापायचं, फोटो छापायचा नाही. हे बहिणीनं सांगितलं. हाक देणाऱ्या बाईंचं नावही नर्तकांच्या यादीतच आलं, पाहुण्यांच्या नव्हे. शोकगीताबद्दल यादीत एक शब्दही नाही. कुठलं होतं, कशाबद्दल होतं, तेही नाही.

यादीत सगळ्याच कलाकृतींसाठी दोन नवे रकाने आले: कोणासमोर, आणि कोणाच्या संमतीनं. हे रकाने भरताना शाळांतले, वृद्धाश्रमातले, अंत्यविधीच्या आदल्या रात्री झालेले कितीतरी प्रयोग वर आले. त्यांना पूर्वी "इतर" म्हणून एका आकड्यात कोंबलेलं होतं.

किंमतही मोजावी लागली. वर्धापनाची पुस्तिका उशिरा निघाली आणि चित्रफीत निघालीच नाही. अनुदानाच्या फॉर्मात तिकिटाचे प्रयोग मोजायचा रकाना होता तसाच आहे, त्यामुळे व्यवस्थापकांना आता दोन हिशेब ठेवावे लागतात. ते ठेवतात, पण हे त्यांच्यावरचं जादा काम आहे आणि त्याचा मोबदला त्यांना मिळत नाही.

एका दुसऱ्या कलाकृतीपुढचा संमतीचा रकाना रिकामाच आहे. तिची गोष्ट कोणी दिली हे संस्थेत कोणालाच आठवत नाही. ती सध्या करायची नाही असं ठरलं आहे. रिकामा रकाना पाहून ओशाळल्यासारखं होतं, पण भरून टाकण्यापेक्षा तो रिकामा बरा.

काय वेगळं करता आलं असतं

ईमेल. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं नाही. चेहरा दाखवणारी कुठलीही गोष्ट मी आता आधी फोन करून, कोण बघणार आणि कोणासोबत बघणार हे विचारूनच नेते.

पण त्याहून मोठी संधी हुकली होती ती कलाकृती तयार झाली तेव्हाच. आंटी काय म्हणाल्या हे त्या रात्री परतीच्या व्हॅनमध्ये कोणीतरी चार ओळींत लिहून ठेवलं असतं तर पुरलं असतं. संमती तोंडी होती यात गैर काही नाही, मराएवर शब्दाला वजन असतंच. गैर हे की संस्थेच्या बाजूनं ती एकाच माणसाच्या आठवणीवर राहिली. नर्तक बदलतात, व्यवस्थापक तर त्याहून लवकर बदलतात.

तालमीचंही तेच. नाट्यगृहाची टेप प्रकाशानं, आवाजानं स्वच्छ होती म्हणून तीच "मूळ" ठरली. पहिल्या संचातल्या माणसांना तालमीला बोलवायला मानधन नव्हतं, टेप फुकट होती. त्यातल्या एकीला एक दुपार बोलावलं असतं तर थांबा कापला गेला नसता आणि कदाचित मला हे सगळं शोधावंही लागलं नसतं. आता पुनर्निर्मितीच्या अंदाजपत्रकात जुन्या नर्तकांच्या मानधनाची ओळ आहे.

ज्येष्ठ नर्तकाचं मत, की हे करूच नये, ते मी त्या वेळी फार लवकर बाजूला ठेवलं. पुढे ते मराएवर आले, त्यांनी तिथेही तेच सांगितलं, आणि घरच्यांनी ते मन लावून ऐकलं. पुन्हा करा असं घरच्यांनी म्हटलं ते त्यांचं ऐकून घेतल्यावर. ते बोलले नसते तर त्या होकाराला तेवढं वजन आलं नसतं.

पुढे

कलाकृती नव्या संचानं गेल्या हिवाळ्यात केली, पहिल्यांदा त्याच मराएवर. या वेळी पाऊस नव्हता, पण घरच्यांनी जेवणघरच मागितलं. आठ मात्रांचा थांबा होता. त्या रात्री कोणी हाक दिली नाही. पाचजण उभे राहिले, मागे कुठेतरी नळ चालू होता तो ऐकू आला, आणि मग ते पुढे गेले. यादीत मी तारीख लिहिली, नावं लिहिली, आणि शेरा म्हणून: थांबा पूर्ण ठेवला.